एक नाव, दोन जोस्कँ

रात्री अकरानंतर कल्चर रूममध्ये एकटीनेच काम करताना हूडच्या पंख्याची घरघर डोक्यात बसते. त्यावर उतारा म्हणून लॅबमधल्या एका सीनियरने मला पहिल्या वर्षी एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. युरोपातलं, पाचशे वर्षांहून जुनं, चार आवाजांचं चर्चमधलं गाणं. वाद्य एकही नाही. मी ते लावून पेशींचा मीडिया बदलत बसायचे. बरं वाटायचं, पण खरं सांगायचं तर ते धुक्यासारखं होतं: थंड, मऊ, आणि कुठूनही ऐका, सारखंच. तब्बल दोन वर्षं मी ते नुसतं वाजवलं. ऐकलं नव्हतं, हे नंतर कळलं.

ते गाणं म्हणजे जोस्कँ द प्रे या रचनाकाराचं 'आवे मारिया... व्हिर्गो सेरेना'. जेमतेम पाच मिनिटांचं. ते ऐकायचं कसं हे आज सांगायचं आहे, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट: या पाच मिनिटांच्या रचनेची तारीख आणि तिच्या कर्त्याचं वय ठरवताना चांगले चांगले अभ्यासक चाळीस वर्षं कसे फसले. ही दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. आधी कळली असती तर माझे चौदा महिने वाचले असते. त्यावर येतेच.

आधी कानाच्या सवयीबद्दल. आपण लहानपणापासून जे ऐकतो त्यात सुरावट एकच असते. ख्यालात गायक पुढे, संवादिनी त्याच्या मागोमाग, तंबोरा खाली भरून राहिलेला. भजनी मंडळात वीस जण असले तरी वीसही जण तीच चाल म्हणतात. त्यामुळे चार वेगळ्या सुरावटी एकदम कानावर आल्या की आपण नकळत सगळ्यांत वरची पकडतो आणि उरलेल्या तिन्ही 'साथ' समजून सोडून देतो. गडबड इथेच होते. साधारण १४०० ते १६०० या दोनशे वर्षांतल्या युरोपीय पॉलिफनीत साथ नावाचा प्रकारच नाही. चारही आवाज आपापली पूर्ण चाल गातात, आणि कुठलीही एक चाल वेगळी काढून गुणगुणली तरी ती गाण्यासारखी लागते.

(गोव्यातल्या वाचकांना हे थोडं कमी परकं वाटेल. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा शिकवत, आणि मांडो दोन आवाजांत म्हणायची रीत तिथे आजही आहे. पण मांडोतला दुसरा आवाज बराच वेळ पहिल्याच्या हातात हात घालून चालतो. इथे तसं होत नाही.)

आता 'आवे मारिया' लावा. शक्यतो हेडफोनवर, आणि दुसरं काही न करता. चार आवाजांची नावं वरून खाली अशी: सुपेरियस, आल्टुस, तेनॉर, बासुस. सुरुवातीला सुपेरियस एकटा येतो. खालच्या पंचमावरून षड्जावर एक उडी, मग छोटीशी ओळ. ती संपता संपता आल्टुस येतो आणि तीच ओळ आपल्या सप्तकात म्हणतो. मग तेनॉर. मग बासुस. एकाच्या हातातली पणती विझायच्या आत दुसऱ्याने आपली लावून घ्यावी, तसं. पुढची ओळ पुन्हा सुपेरियसपासून, पुन्हा वरून खाली. याला अनुकरण म्हणतात. आधी एकेक आवाज सुटा ऐकू येत असतो, मग त्यांचे पदर एकमेकांवर चढत जातात आणि पहिल्या मिनिटाच्या आसपास चारही एकदम भरून येतात. मला दोन वर्षं जे धुकं वाटत होतं ते या एका क्षणी फाटलं. चार माणसं चार ठिकाणी उभी आहेत असं ऐकू आलं.

त्यानंतर मरियेच्या आयुष्यातल्या पाच प्रसंगांवरची, पाच सणांची, पाच कडवी येतात आणि जोस्कँ प्रत्येक कडव्याला विणकाम बदलतो. कधी वरचे दोन आवाज बोलतात आणि खालचे दोन उत्तर देतात, कधी चारही एका लयीत. मध्ये एक तुकडा तीनच्या लयीत आहे. ऐकताना वाटतं, इथे सोपं झालं, सगळे बरोबर गातायत. खरं तर या जागी सर्वांत कडक नियम चालू असतो. सुपेरियस जी चाल गातो तीच चाल तेनॉर पंचमाच्या अंतराने खाली आणि फक्त एका ठोक्याने मागे राहून गात असतो, सूर न सूर. दोघं इतके जवळ चालतात की मागे-पुढे आहेत हेच कळत नाही. मला हे कळायला नोटेशन समोर ठेवावं लागलं. (सीपीडीएल नावाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. नोटेशन वाचता येत नसलं तरी चालेल, रेघांचे आकार बघा. वरचा आकार खाली जरा सरकून पुन्हा दिसतो.)

आणि शेवटी, पाच कडवी झाल्यावर, गाणं थांबतं. सगळे गप्प. मग चारही आवाज एकत्र, लांब साध्या सुरांत, कसलीही कलाकुसर न करता एक वैयक्तिक विनवणी करतात: माझी आठवण ठेव. इतका वेळ 'ती' चाललं होतं, आता 'मी' आला. मी धार्मिक वगैरे नाही, पण या जागी माझा पिपेट थांबतो.

दुसरी कानाला शिकवायची गोष्ट म्हणजे घासणारे सूर. सा आणि ग, सा आणि प एकदम लावले की गोड वाटतात, सा आणि रे एकदम लावले की घासतात. या काळातले रचनाकार घासणाऱ्या सुरांना बंदी करत नव्हते, पण परवाना लावूनच सोडत होते. नेहमीचा परवाना असा: वरचा आवाज सा धरून उभा आहे. खालचा आवाज सरकत रे वर येतो. वरच्याने काहीच केलेलं नाही, तरी त्याचा सा आता घासायला लागला. मग तो एक पायरी उतरतो, नि वर. घासणं मिटलं. आणि लगेच वरचा नि पासून सा वर, खालचा रे पासून सा वर, दोघं घरी. वाक्य संपलं. हा 'सा-नि-सा' एकदा ओळखता आला की पॉलिफनीतले पूर्णविराम ऐकू यायला लागतात, आणि मग त्याहून गमतीचं म्हणजे रचनाकार कुठे पूर्णविराम देतोय असं भासवून देत नाही, तेही ऐकू येतं. दोन आवाज घरी पोचतात तोवर तिसऱ्याने पुढचं वाक्य सुरूही केलेलं असतं.

हे सगळं गाणाऱ्यांना कागदावर कसं दिसायचं? आज आपण चारही आवाज एकाखाली एक लिहिलेले बघतो. त्या वेळी तसं नव्हतं. मोठ्या हस्तलिखितात उघडलेल्या दोन समोरासमोरच्या पानांवर चार आवाज चार कोपऱ्यांत सुटे लिहिलेले असत. मात्रांचे भाग पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. बाकीचे काय गातायत ते बघून नाही, ऐकूनच कळायचं. शिवाय सगळे सूर लिहिलेलेही नसत. काही ठिकाणी 'नि' अर्धा सूर चढवायचा असतो हे गायकाने आपल्या शिक्षणावरून समजून घ्यायचं. म्हणजे आज आपण जे ऐकतो त्यात कुणीतरी असे शेकडो छोटे निर्णय घेतलेले असतात. दोन गटांची रेकॉर्डिंग्ज एका जागी वेगळी ऐकू आली तर दचकू नका, त्या जागी दोघांचा निर्णय वेगळा आहे.

आता जोस्कँबद्दल. आपल्या काळात त्याचं नाव मोठं होतं. १५०१ मध्ये व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने सुट्या खिळ्यांनी पॉलिफनी छापायला सुरुवात केली, आणि १५०२ च्या त्याच्या मोटेट-संग्रहात पहिलं पान मिळालं ते याच 'आवे मारिया'ला. त्याच वर्षी फेरारा इथल्या ड्यूकला दरबारासाठी संगीतकार हवा होता. दोन नावं होती, हाइन्रिख इझाक आणि जोस्कँ. ड्यूकच्या माणसाने कळवलं की इझाक माणूस मनमिळाऊ आहे, भराभर नव्या रचना देतो आणि १२० डुकाटवर येईल. जोस्कँ रचना जास्त चांगल्या करतो, पण त्याला वाटेल तेव्हा करतो, आपल्याला हव्या तेव्हा नाही, आणि वर २०० डुकाट मागतो. ड्यूकने जोस्कँला घेतलं. (पोस्टडॉकसाठी अर्ज करणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. बहुतेक गाइड इझाकलाच घेतील.) वर्षभरात प्लेगच्या सुमारास जोस्कँ फेरारा सोडून आपल्या मुलखात, काँदे या गावी गेला आणि १५२१ मध्ये तिथेच वारला.

वारला, पण रचना यायच्या थांबल्या नाहीत. प्रकाशकांना त्याचं नाव विकायला बरं पडायचं. १५४० मध्ये जर्मनीतल्या एका संपादकाने लिहून ठेवलंय की जोस्कँ जिवंतपणी रचत होता त्याहून जास्त आता मेल्यावर रचतोय, असं एक थोर माणूस म्हणायचा. त्याच्या नावावर तीनशेहून जास्त रचना नोंदल्या आहेत. आजचे कडक अभ्यासक त्यातल्या शंभरेक त्याच्या म्हणून मान्य करतात. बाकीच्यांची चौकशी चालू आहे.

तर अशा माणसाचं चरित्र लिहायचं तर पहिला प्रश्न: जन्म कधीचा? कागद नाही. १९५६ साली क्लाउडिओ सार्तोरी या इटालियन अभ्यासकाला मिलानच्या कॅथेड्रलच्या जुन्या नोंदींत एक गायक सापडला. फ्रान्सकडचा, १४५९ पासून नोकरीत, आणि नाव जोस्कँचंच लॅटिन रूप. हा शोध मोठा होता, कारण तोपर्यंत जोस्कँच्या तरुणपणाबद्दल हातात जवळजवळ काहीच नव्हतं. १४५९ मध्ये तो मोठ्या माणसांच्या आवाजात गात होता, मुलांत नव्हे. म्हणजे जन्म १४४० च्या आसपासचा. ही तारीख पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

त्यावर पुढचे मजले चढले. हाच गायक पुढे १४७० च्या दशकात मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्साच्या खासगी गायकवृंदात दिसतो. हा ड्यूक संगीतवेडा होता, उत्तरेकडून उत्तमोत्तम गायक पैसे ओतून आणायचा. १४७६ च्या डिसेंबरात त्याचा खून झाला आणि वृंदही पांगला. त्या चार वर्षांत मिलानमध्ये मोटेट रचायची एक वेगळी पद्धत तयार झाली होती: शब्द स्वच्छ ऐकू येतील असे दोन-दोन आवाजांचे संवाद, मध्येच सगळे एकत्र, छोटी छोटी वाक्यं. ओळखीचं वाटतंय ना? 'आवे मारिया'ची पद्धत हीच. मग १९७४ मध्ये थॉमस नॉब्लिटने म्युनिकमधल्या एका हस्तलिखिताचा कागद तपासला आणि 'आवे मारिया' ज्या भागात उतरवून घेतलंय त्याचा काळ १४७६ असा काढला. सगळं कसं बसलं बघा. जोस्कँ मिलानमध्ये, १४७० चं दशक, मिलानची नवी पद्धत, १४७६ ची प्रत. निष्कर्ष असा निघाला की नवी शैली घडवणाऱ्यांत जोस्कँ पहिल्या रांगेत होता.

काही गोष्टी बसत नव्हत्या. १४४० ला जन्मलेल्या या थोर माणसाच्या पहिल्या पस्तीस वर्षांतली रचना जवळजवळ कुठल्याच संग्रहात नव्हती. मग त्याची कारणं दिली गेली: सुरुवातीचं काम हरवलं असेल, हा उशिरा फुलणारा असेल. कारणं वाईट नव्हती. फक्त ती ज्या जागेला ठिगळ लावत होती ती जागा फाटली का, हे कुणी फारसं पाहिलं नाही.

१९९८ मध्ये लोरा मॅथ्यूज आणि पॉल मर्कली यांनी मिलानचे कागद पुन्हा उलगडले. नुसती गायकांची यादी नव्हे, तर पूर्ण नावं, बापाचं नाव, गाव, चर्चकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचे दस्तऐवज. आणि दिसलं असं की कॅथेड्रलमधला आणि ड्यूकच्या वृंदातला तो जोस्कँ म्हणजे भलताच माणूस होता. वेगळ्या बापाचा, वेगळ्या आडनावाचा, आणि आपल्या जोस्कँच्या बराच आधी वारलेला. जोस्कँ हे 'जोस' या नावाचं लाडातलं रूप, आणि उत्तर फ्रान्सकडच्या त्या पट्ट्यात ते नाव घरोघर असायचं. आपल्याकडे १९५० च्या एखाद्या हजेरीपटात 'बाळू' सापडावा तसं. काँदेच्या कागदांतून हर्बर्ट केलमनला याच सुमारास आपल्या जोस्कँचं खरं घराण्याचं नावही मिळालं: लेब्लुआत. 'देप्रे' हे त्यांचं चालतं नाव. १४८३ मध्ये तो काका-काकूंच्या मालमत्तेचा वारस म्हणून गावी आला होता, तिथल्या नोंदीतून हे कळलं.

एका माणसाचे दोन झाल्याबरोबर वरचे मजले हलले. जन्म १४४० वरून १४५० ते ५५ च्या मध्ये सरकला. मिलानमधली १४७० ची सगळी वर्षं गेली. त्या काळात तो दक्षिण फ्रान्समध्ये एक्सला, रेने द आंजूच्या चाकरीत होता. मिलानशी त्याचा खात्रीचा संबंध १४८४ पासूनचा, कार्डिनल आस्कानिओ स्फोर्त्साच्या पदरी. मग १४७६ च्या प्रतीचं काय करायचं? जो माणूस मिलानमध्ये नव्हताच, जेमतेम पंचविशीचा होता, त्याने मिलानच्या पद्धतीची इतकी पक्व रचना तेव्हाच कशी केली?

इथे कागदावरून काळ काढतात तो कसा, हे सांगायला हवं, कारण पद्धत सुंदर आहे आणि तिचा सापळाही सुंदर आहे. जुना कागद तारांच्या चाळणीवर लगदा पसरून बनायचा. चाळणीला तारेचं एक चिन्ह शिवलेलं असायचं, बैलाचं डोकं किंवा मुकुट असं काहीतरी, आणि ते कागद उजेडात धरला की दिसतं. हे जलचिन्ह. चाळणी रोज वापरात असल्याने तार वाकते, सरकते, शिवण उसवते, त्यामुळे एकाच चाळणीचं चिन्हही महिन्यामहिन्याला थोडं बदलत जातं. आणि चाळणी फार वर्षं टिकत नाही. म्हणून तारीख घातलेल्या एखाद्या सरकारी कागदावर हुबेहूब तेच चिन्ह सापडलं तर आपला कागदही त्याच सुमाराचा. यातला 'हुबेहूब' हा शब्द महाग आहे. बैलाचं डोकं जुळणं वेगळं, आणि त्याच चाळणीतलं तेच वाकलेलं शिंग जुळणं वेगळं. शिवाय हस्तलिखित अनेक सुट्या घड्यांचं मिळून बनतं, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या, नंतर एकत्र बांधलेल्या. एका घडीची तारीख शेजारच्या घडीला लावता येत नाही.

जोशुआ रिफ्किनने (हा तोच, ज्याने १९७० मध्ये स्कॉट जॉप्लिनच्या रॅगटाइमची पियानोवरची रेकॉर्ड काढून ते संगीत परत लोकांपर्यंत नेलं) २००३ मध्ये म्युनिकच्या हस्तलिखिताची पुन्हा बारकाईने छाननी करून दाखवलं की 'आवे मारिया' त्यात उतरलं ते १४८४-८५ च्या आसपास. म्हणजे जोस्कँ मिलानकडे पोचला त्या सुमाराला. कोडं सुटलं, पण गोष्टीचा नायक बदलला. मिलानची पद्धत जोस्कँने सुरू केली नव्हती. ती कोंपेर, वेर्बेके आणि त्यांच्या सोबत्यांनी आधीच बसवली होती. जोस्कँ नंतर आला, त्याने ती ऐकली, शिकला, आणि मग ती जशी चालवली तशी आधी कुणी चालवली नव्हती.

आता माझे चौदा महिने. मी ज्या सेल लाइनवर काम करत होते ती आमच्याकडे दुसऱ्या एका लॅबमधून आली होती. व्हायलवर नाव व्यवस्थित लिहिलेलं. मी नावावर विश्वास ठेवला, माझ्या आधीच्यांनी ठेवला होता, त्यांना देणाऱ्यांनीही. डेटा चांगला येत होता. एक औषध त्या पेशींवर अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम करत होतं, आणि मी त्याला कारण शोधलं, आकृती काढली, ग्रुप मीटिंगमध्ये मांडली. कुणीतरी विचारलं होतं की या पेशी एवढ्या भराभर का वाढतात. मी म्हणाले, आमचा सीरम चांगला असेल. हसले सगळे. पुढे एका जर्नलने पेपर पाठवण्याआधी एसटीआर प्रोफाइल मागितलं, म्हणजे पेशींची डीएनए ओळखपरेड. रिपोर्ट आला. त्या हेला होत्या.

हेला म्हणजे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, घेतलेल्या पेशी. त्या इतक्या जोमदार आहेत की पिपेटच्या टोकावरचा एक थेंब चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही आठवड्यांत मूळ पेशींना मागे टाकून सगळी जागा घेतात. फ्लास्कवरचं नाव जुनंच राहतं. १९६६ मध्येच स्टॅन्ली गार्टलरने एका एन्झाइमच्या प्रकारावरून दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या डझनाहून अधिक लाइन्स प्रत्यक्षात हेला असाव्यात. लोकांना ते रुचलं नाही, आणि त्यातली काही नावं नंतरही कितीतरी वर्षं पेपरांत छापून येत राहिली. हे सगळं मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या कोर्सवर्कमध्ये मी यावर सेमिनारही दिला होता.

जोस्कँची गोष्ट मी वाचली ती त्यानंतरच्या रिकाम्या आठवड्यात. रेकॉर्डिंगबरोबरची टिपणी सहज वाचायला घेतली आणि १९५६ ते १९९८ हा आकडा दिसल्यावर ताठ बसले. सार्तोरी आळशी नव्हता, नॉब्लिट तर मुळीच नाही. मला जास्त अस्वस्थ करून गेलं ते हे की १४७६ ही तारीख आणि १४५९ चा गायक हे दोन पुरावे एकमेकांना दुजोरा देत होते. दोन वेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा आपण तपासणं थांबवतो. इथे दोन्हीही चुकीचे होते, दोन वेगळ्या कारणांनी. माझा वाढीचा वेग आणि औषधाचा परिणाम हेही असेच एकमेकांना शोभून दिसले होते, फरक एवढाच की माझ्याकडे दोन्हींच्या मागे कारण एकच होतं. तुमच्यापैकी जे आता सिनॉप्सिस लिहितायत त्यांना माझी विनंती एवढीच की ज्या नावावर, आकड्यावर किंवा नमुन्यावर तुमचं सगळं काम उभं राहणार आहे त्याची साखळी पहिल्या कागदापर्यंत मागे जाऊन बघा, आणि हे पहिल्या सहा महिन्यांत करा. पेशी असतील तर प्रोफाइल आधी, प्रयोग नंतर. पैसे लागतात, गाइड कुरकुर करतात. तरी करा.

मग मी 'आवे मारिया' पुन्हा लावलं. मला वाटलं होतं, नवं काही ऐकू येणार नाही, सूर तेच आहेत. पण आलं. आधी ते एका जन्मजात थोर माणसाने हवेतून काढल्यासारखं वाटायचं. आता त्या दोन-दोन आवाजांच्या संवादात मला मिलानचे आधीचे लोक ऐकू येतात, आणि ज्या जागी जोस्कँ त्यांच्या पुढे जातो ती जागाही. तीनच्या लयीतला तो लपवलेला पाठलाग, किंवा शेवटची शांतता. तुम्हीही करून बघा: वेर्बेके किंवा कोंपेरचं एखादं मिलानी मोटेट आधी ऐका, मग हे.

आणि उलटा प्रयोगही करा. 'आब्सालोन फिली मी' नावाचं एक मोटेट आहे, मेलेल्या मुलासाठी बापाने केलेला शोक. चार आवाज, सगळे खालच्या पट्टीत, शेवटाकडे पायरी पायरीने आणखी खोल उतरत जातात. कित्येक दशकं ते जोस्कँचं सर्वांत हृदयस्पर्शी काम म्हणून शिकवलं गेलं. आता बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते त्याच्या समकालीन पिएर द ला र्‍यूचं आहे. नाव बदलल्यावर ते कमी चांगलं झालं का? मी दोन्ही नावं डोक्यात ठेवून ऐकलं. पहिल्यांदा ला र्‍यू म्हणून ऐकताना मी दोष शोधत होते, हे माझं मलाच लक्षात आलं. तिसऱ्यांदा नाव विसरून फक्त बासुस ऐकला.

ऐकायची माझी पद्धत आता ही आहे. एकाच रचनेची चार ऐकणी, दर वेळी एक आवाज. सुपेरियस सोपा, बासुसही सापडतो. आल्टुस आणि तेनॉर हरवतात. हरवले की थांबायचं नाही, पुढच्या पूर्णविरामाला, त्या 'सा-नि-सा'ला, ते पुन्हा हाताला लागतात. पाचव्यांदा काहीच न ठरवता. टॅलिस स्कॉलर्स या इंग्लिश गटाने जोस्कँचे सगळे मिस्सा-संगीत रेकॉर्ड केले आहेत, पुढचं रेशन तिथून मिळेल.

नवीन व्हायल मागच्या महिन्यात एका सेल बँकेतून मागवली. प्रोफाइलचा रिपोर्ट त्यांनी सोबत दिला होता. तरी मी नमुना वेगळ्या ठिकाणी पाठवलाय, सोमवारपर्यंत येईल. आज रात्री फ्लास्क एकच आहे, काम अर्ध्या तासाचं, आणि मी अजून आल्टुसवर आहे.